आबा वर, तात्या खाली

या, अशा जवळ सरकून बसा. दारातूनच "काकू, बऱ्या हाय न्हवं?" विचारायचं आणि गाडीला किक मारायची, ही कुठली रीत? बोर्ड पाहिजे असला की बरोबर दुकान सापडतं तुम्हाला. आता आलाच आहात तर तो मोबाइल पालथा ठेवा आणि ऐका. मी सांगायला बसले की मधून उठलेलं मला चालत नाही.

तर त्या दिवशी दुकानातले दोन्ही फोन एकदम वाजले. एका कानाला आबा, दुसऱ्या कानाला तात्या.

आबा म्हणाले, "पेंटरीणबाई, बोर्डावर माझा फोटू डावीकडं पयला. दुसऱ्या नंबरवर मी बसणार न्हाय."

तात्या म्हणाले, "आबाचा फोटू माझ्यापेक्षा बोटभर जरी मोठा दिसला, तर बोर्ड तुमच्याच दारात आणून टाकीन."

आणि समोरच्या खुर्चीवर सुरेखा बसली होती. उमेदवार ती. तिचा फोटो कुठं लावायचा, हे त्या दोघांपैकी एकानंही सांगितलं नव्हतं.

माझं बारामतीत भिगवण रस्त्याला फ्लेक्सचं दुकान आहे. आमचे हे ब्रशनं पाट्या रंगवायचे, म्हणून मी अजून पेंटरीणबाई. ते गेले, ब्रशचं कामही गेलं, तेव्हा मीच कॉम्प्युटरचा माउस हातात धरला. क्लास नाही, काही नाही. चुकत गेले, शिकत गेले. आता वाढदिवस, दहावं, बैलगाडा शर्यत, निवडणूक, सगळ्यांचे बोर्ड माझ्याकडं होतात. मशीनवर सिद्धार्थ असतो, माझ्याकडं आला तेव्हापासून त्याचा एक रोल वाया गेलेला नाही. डिझाइन मात्र मी करते.

बोर्ड कसा असतो ते आधी सांगते. सगळ्यात वर नेत्यांच्या फोटोंची ओळ. मधे उमेदवार आणि चिन्ह. सगळ्यात खाली शुभेच्छुक, म्हणजे ज्यानं हा बोर्ड मानानं लावला तो. वरच्या ओळीत यायला माणसं जीव टाकतात. खालची जागा पोरासोरांची समजतात. आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात छापणाऱ्याचं नाव. ते माझं. निवडणुकीत ते घालावंच लागतं, त्यामुळं भांडण झालं की पहिला फोन मलाच.

पक्षाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्हीच माझ्याशी भांडत बसाल. इंदापूर तालुक्यात, भवानीनगरच्या पलीकडं, पंचायत समितीचा एक गण. गण म्हणजे काही गावं मिळून एक सदस्य निवडतात ते. त्यातली कालव्याच्या वरच्या अंगाची गावं आबांना मानणारी, द्राक्षं-डाळिंबवाली. खालची, नदीकडची, तात्यांची, उसाची. दोघं एकाच पक्षाचे. पण सोसायटीच्या चेअरमनपदावरून एकदा फाटलं ते फाटलंच. एकाच्या घरचं लग्न असलं की दुसरा त्या दिवशी हटकून आजारी.

मागच्या खेपेला तिकीट आबांच्या माणसाला मिळालं, तर नदीकडची मतं घरातून बाहेरच आली नाहीत. त्याच्या आधी तात्यांचा माणूस उभा होता, तेव्हा वरची गावं नेमकी मतदानाच्या दिवशी गाड्या भरून नरसिंहपूरला देवाला गेली. दोन्ही वेळा विरोधी पार्टीनं बसल्या जागी गुलाल खेळला.

म्हणून यंदा तिकीट सुरेखाला. ती दूध संकलन केंद्र चालवते. दोन्हीकडचं दूध तिच्या काट्यावर येतं, आणि फॅट लावताना तिनं कधी गट पाहिला नाही. आबांना ती चालली, कारण ती तात्यांची नव्हती. तात्यांनाही तेवढ्यासाठीच चालली. पण प्रचाराला वर गेली की बायका विचारायच्या, "तात्यानं पाठवलं व्हय गं तुला?" खाली गेली की, "आबाची माणसं दिसत न्हाईत संगं आज?" तिचं ऐकायचं कुणी नाही, तिच्या मागं कोण आहे तेच सगळे बघायचे. ही निवडणूक गेली तर पुन्हा कुणी मधल्या माणसाला उभं करणार नव्हतं. ते तिला पक्कं माहीत होतं.

मी म्हटलं, आधी साधा उपाय करू. एकच बोर्ड, दोघांचे फोटो अगदी सारखे, शेजारी शेजारी. केला. तात्यांचा माणूस टेप घेऊन आला आणि माझ्या मॉनिटरवरच मापं काढायला लागला.

"काकू, आबांचा जास्त भरतोय."

"अहो, त्यांच्या डोक्याला फेटा आहे. तात्यांना टोपी आहे. चेहरे सारखेच आहेत."

त्यानं तात्यांना फोन लावला. तात्यांचा आवाज स्पीकरवर आला, "मग फेटा कापा की!"

"तात्या, फेटा कसा कापू? डोकं हाय त्यात."

"असूं द्या. तसंबी त्याचा उपयोग न्हाय."

सिद्धार्थ मशीनमागं तोंड लपवून हसत होता. मलाही आवरेना. सुरेखा तेवढी हसली नाही.

तिच्यासंगं आलेले तिचे दीर म्हणाले, "काकू, दोन येगळं बोर्ड करा. वरच्या गावात आबा, खालच्या गावात तात्या. मिटला विषय."

"मिटला न्हाय, वाढला," सुरेखा म्हणाली. "हितला फोटू तितं मोबाइलवर जायाला किती येळ लागतोय? वरची म्हणतील ही आबांची, खालची म्हणतील तात्यांची. मग पुन्हा देवाला जाईल एक गट."

तिनं खुर्ची मॉनिटरजवळ ओढली. मग बोट लावून म्हणाली, "काकू, ह्या खालच्या जागंला कोण असतंय?"

"शुभेच्छुक. घरधनी म्हण. पाहुण्याला बोलावणारा."

"मग तितं तात्यांना घाला."

मी खुर्ची फिरवून तिच्याकडं बघितलं. "सुरेखा, डोकं ठिकाणावर हाय का? तात्या खाली? माझ्या दुकानाची काच ऱ्हाईल का?"

"सगळीकडं न्हाय. तात्यांच्या गावात लावायच्या बोर्डावर. वर आबा, मधी मी, खाली तात्या. आणि आबांच्या गावात वर तात्या, खाली आबा. काकू, लग्नात आपला फेटा आपण बांधून घेतो व्हय? आपण पाहुण्याला बांधतो, पाहुणा आपल्याला बांधतो. ह्या दोघांनी इतकी वर्सं आपापलाच फेटा बांधलाय."

मला पटलं असं नाही. पण उमेदवाराला पहिल्यांदा उजळलेलं बघितलं, म्हणून डिझाइन केलं. साध्या कागदावर प्रूफ काढलं. प्रूफ म्हणजे छापायच्या आधी दाखवायचा नमुना. ते घेऊन आम्ही दोघी तात्यांच्या ओट्यावर.

तात्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. "मी खाली?"

"तुमच्या गावात," सुरेखा म्हणाली.

"आणि त्यो वर?"

"तुमच्या गावात."

"माझ्या गावात माझ्या डोक्यावर आबा?"

"तात्या, तुमच्या पोरीच्या लग्नात तुमी कुठं हुता? दारात, हात जोडून. स्टेजवर पाव्हणं हुतं. कुणी म्हणलं का तात्या ल्हान झाले म्हणून?"

तात्यांनी प्रूफ पुन्हा डोळ्यांजवळ धरलं. आतून त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "खरं बोलतीय पोरगी. आणि दारात उभं ऱ्हाऊन पाय दुखले म्हणून मलाच रात्रभर तेल लावाय लावलं."

"तू गप ग," तात्या म्हणाले. पण प्रूफ खाली ठेवलं नाही. "त्याच्या गावात मी वर?"

"तुमी वर. आबा खाली, हात जोडून."

हे ऐकल्यावर त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "हात जोडलेला फोटू हाय का त्याचा?"

"हाय," मी म्हटलं. नव्हता. पण फोटोला हात जोडायला माझ्याकडं माउस आहे.

"आधी माझा बोर्ड लागू दे तितं. मग त्याचा हितं."

आबांकडं गेलो तर आबांचंही तेच. हसले खूप, "तात्या हात जोडून? ह्ये बघायला तर मी डोळ्याचं ऑपरेशन लवकर करून घीन." पण शेवटी, "आधी त्याच्या गावात माझा लागू दे. मग बघू."

आधी कोण, यावर गाडी अडली. सुरेखानं तो पेचही सोडवला. दोन टेम्पो, एकाच सकाळी, दोन्ही गावांत एकदम. परवानग्या काढून आणल्या. सिद्धार्थ वरच्या गावाला गेला. मी तात्यांच्या गावाला गेले, कारण असला बोर्ड लागताना मी स्वतः उभी राहते. मुंगीएवढ्या अक्षरात का होईना, नाव माझं असतं.

चौकात बांबू उभे केले. फ्लेक्स वर चढला, आणि आबांचा चेहरा फेट्यासकट तात्यांच्या गावावर उगवला. दुधाच्या किटल्या घेऊन निघालेली माणसं जागच्या जागी थांबली. थोड्या वेळात तात्यांची दहा-बारा पोरं धावत आली. एकानं दोरी धरली.

"काढा ह्ये! कुणी लावला ह्यो? फाडा!"

 सुरेखा तिथंच उभी होती. तिनं नुसतं बोट दाखवलं, खाली.

त्या पोरानं खाली बघितलं. हात जोडलेले तात्या त्याच्याकडं बघून हसत होते. त्याचा हात दोरीवरच राहिला.

दुसरा म्हणाला, "थांब ए. ओढला तर तात्याबी फाटत्यात."

"मग वरचा तेवढा फाडू?"

"वरचा सुटला की खालचा चिखलात पडंल. तूच उचल मग तात्यांना."

किटलीवाली माणसं हसायला लागली. मग एकेक करून पोरंही. दोरी सोडली त्यानं. वर म्हणाला, "काकू, डाव्या कोपऱ्याला सैल हाय. आवळून घ्या, तात्यांचं नाक वाकडं दिसतंय." आणि स्वतःच बांबूवर चढून दोरी आवळली!

वरच्या गावातून सिद्धार्थचाही फोन आला, तिकडचा बोर्ड लागला, कुणी हात लावला नाही. तेवढ्यात आबांची जीप आली. सांगितलं असं की भवानीनगरला निघालो होतो, वाटेत सहज आलो. भवानीनगरची वाट तिकडून जातच नाही. ते उतरले, बोर्डासमोर उभे राहिले. इतक्या वर्षांत या गावात त्यांच्या नावाची पाटी सोडा, नावही कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. वर बघत त्यांनी डोक्यावरचा फेटा सारखा केला.

तात्या घरातून आले. येणं भागच होतं. बोर्डावर हात जोडलेला माणूस चौकात पाहुणा आल्यावर घरात कसा बसेल?

"या आबा," तात्या म्हणाले. घसा साफ करून पुन्हा म्हणाले, "या."

आबा म्हणाले, "फोटू लई जुना घातलाय माझा. ही काळी मिशी कवाची?"

"तवा तुमी आमचं ऐकत हुता."

"तवा तुमी ऐकण्यासारखं बोलत हुता."

चौक नुसता फुटला हसून. तात्यांच्या मंडळींनी चहा पाठवला. आबांनी बशीत ओतून प्यायला, कपाला नावं ठेवली, साखरेला नावं ठेवली, आणि दुसरा कप मागितला. मग म्हणाले, "चला आता माझ्याकडं. तुमी तितं वर कसं दिसताय, ते बघूया."

एकाच जीपमध्ये बसले दोघं. मधे सुरेखा, मी पुढं ड्रायव्हरजवळ. कालव्याच्या रस्त्यानं जायचं की नदीच्या, यावरून दोघं ड्रायव्हरवर ओरडत होते, आणि त्या आरडाओरड्यानंच वाटेतल्या वस्त्यांवरची माणसं बाहेर येऊन बघत होती. कुणाला भाषण लागलं नाही. एका वस्तीवर कपडे वाळत घालणारी एक आजी सुरेखाला हाक मारून म्हणाली, "अगं, ही दोघं एका जिपात बसली तर आता आमी कुणाशी भांडायचं?" सुरेखा म्हणाली, "माझ्याशी भांडा आजी, निवडून आल्यावर. रस्त्यासाठी." त्या दिवशी पहिल्यांदा तिला कुणी तिच्यासाठी हाक मारली होती. मी आरशातून बघितलं. डोळे पदरानं पुसत होती आणि दोन्ही म्हातारे दोन्हीकडून तिला, "धूळ लई हाय, डोळं मीट," म्हणत होते.

मतदानाच्या दिवशी वरची गावं देवाला गेली नाहीत. नदीकडची घरात बसली नाहीत. सुरेखा निवडून आली. फार मोठ्या फरकानं नाही, पण आली. इंदापुरात निकाल लागला तेव्हा आबा-तात्यांनी एकमेकांना एवढा गुलाल लावला, की कोण कोणता ते फेट्यावरूनच कळत होतं.

आठवड्याभरानं कालव्याच्या पाण्यावरून दोघांचं पुन्हा वाजलं. ते वाजायचंच. सुरेखा आता मधे बसून दोघांचंही ऐकते, आणि रस्त्याचं काम सुरू झालंय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी मात्र एक नेम केलाय. निवडणुकीचा बोर्ड आला की आधी खालची ओळ भरून घेते. वरच्या जागेला माणसं कधी कमी पडत नाहीत.

बरं, ऊन कलायला लागलं, निघा आता तुम्ही. पण लवकर या परत. बोर्डाचं काम घेऊन नको, असंच या. येताना घरच्यांनाही आणा, आणि जेवायलाच या. मी वाट बघते.