शंकोबाचा बार्ज आणि बंद कॉक

बंदरातल्या त्या इंजिनवाल्याला सगळे शंकोबा म्हणत. कामात चोख, पण स्वतःच्या सावलीलाही "माझ्या मागे का लागलीस?" असं विचारील, असा गृहस्थ!

उभा जन्म दुसऱ्यांची इंजिनं राखली. निवृत्त होताना मालकाने त्याला एक म्हातारा बार्ज, सपाट बुडाची मालवाहू बोट, देऊ केला. अट एकच. आजच्या भरतीला तो स्वतःच्या इंजिनावर पलीकडच्या खाडीत पोचला पाहिजे. नाही पोचला, तर भंगारात. शंकोबाला त्यावर स्वतःचा इंजिनदुरुस्तीचा कारखाना थाटायचा होता, म्हणून जीव नुसता टांगणीला लागलेला.

बायको स्वयंपाकाला आणि सुकाणूवर साडू. हाच साडू काल भंगारवाल्याशी हसत बोलताना दिसला होता. झालं! शंकोबाच्या डोक्यात किडा शिरला.

किनाऱ्याकिनाऱ्याने बार्ज निघाला. शंकोबाला खाली चैन पडेना. इंजिन तसंच चालू ठेवून तो वर आला.

"साडूभाऊ, किनारा फार जवळ घेतलाय."

"मग काय बार्ज खांद्यावर घेऊ? जा खाली!"

तेवढ्यात इंजिन खोकलं, आचके दिले आणि गप्प झालं. खाली जाऊन पाहतो तर डिझेलच्या नळीवरचा कॉक बंद! सुकाणूच्या पायाशीच इंजिनखोलीत उघडणारी झडप होती, तिच्याखाली कॉक, आणि साडूचे हात ताडासारखे लांब. आणखी काय पुरावा हवा?

त्याने कॉक उघडला, नळीतली हवा काढली, इंजिन लावलं. मग पाळत ठेवायला हळूच वर जाऊन पिंपाआड बसला. तिथून साडूचं डोकं तेवढं दिसत होतं, हात नाही. थोड्या वेळाने इंजिन पुन्हा बंद. कॉकही बंद!

आता इंजिन पुन्हा लावून शंकोबाने डोकं लढवलं. कॉकच्या दांडीला खालच्या अंगाने, बोटं वळतात तिथे, गंज रोखायचा लाल रंग ब्रशने फासला आणि दबकत वर गेला. खाडीचं तोंड समोर दिसत होतं, भरती फिरायला आली होती, आणि नेमकं तिथेच इंजिन थांबलं. साडूने धावत जाऊन नांगर टाकला.

"हात दाखव!" शंकोबा गरजला.

"भविष्य बघताय? बघा बाबा, राजयोग आहे का."

हात स्वच्छ. शंकोबाने बायकोकडे डोळे वटारले.

"अहो, आधी चहा घ्या, मग कुणाला फाशी द्यायची ती द्या."

चहा पिऊन त्याने कप खाली ठेवला. पांढऱ्याशुभ्र कपावर लाल बोटं उमटली होती. त्याची स्वतःची!

शंकोबाने आपली बोटं वळवून पाहिली. चालू इंजिन सोडून तो आयुष्यात कधी वर आला नव्हता. इंजिन बंद करायचं, डिझेल चोरीला जाऊ नये म्हणून कॉक बंद करायचा, मगच शिडी चढायची. आज इंजिन चालू राहिलं, पण हाताने आपला जन्माचा नेम सोडला नाही. नळीतलं उरलेलं डिझेल संपेपर्यंत इंजिन चालायचं, मग राम म्हणायचं.

"साडूभाऊ," साडू म्हणाला, "आता खालीच बसा. माझ्यावर नजर ठेवायला मेहुणीबाई आहेत."

शंकोबा खाली गेला तो वर आलाच नाही. भरतीच्या शेवटच्या पाण्यावर बार्ज खाडीत शिरला आणि चिखलात अलगद टेकला.

कारखाना अजून चालतो. शंकोबाला मात्र एकच शंका आजही छळते: रोज स्टीलच्या पेल्यात चहा देणाऱ्या बायकोने त्याच दिवशी पांढरा कप का काढला?