बायकांचा आवाज आधी जातो

माझ्या बाबांना पुरुषांचं ऐकू यायचं, बायकांचं नाही. हे मी पुराव्यानिशी सिद्ध केलं होतं. अकोल्याच्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांपुढे, त्यांनी सारी उमर काढली आणि आई गेल्यावर ते अमरावतीला माझ्याकडे राहायला आले. मी पाठीमागून "बाबा, जेवाले चला" म्हटलं की ढिम्म. नवऱ्याने तेच आतल्या खोलीतून म्हटलं की लगेच उठून हात धुवायला. हा खेळ मी तीनदा करून पाहिला. तिन्ही वेळा तोच जिंकला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईचंही त्यांनी जन्मभर असंच ऐकलं नव्हतं. ती ओरडून ओरडून थकली आणि शेवटी गप्प झाली. मी तेवढी वाट पाहिली नाही. त्यांच्याशी बोलणंच सोडलं. ताट ठेवायचं आणि निघून जायचं.

अकोल्याच्या बहिणीचा फोन आला की मात्र मुद्दाम त्यांच्यासमोर बसून मनात येईल ते बोलायचं. ऐकू येत नाही म्हणता ना, मग घ्या. "याले अजून किती वर्सं मीच सांभाळू? तुह्याकडं पाठवून देतो." एकदा तर "देवानं याले उचललं तं सारेच सुटू" इथपर्यंत माझी मजल गेली. बाबा समोरच्या खुर्चीत शेंगा फोडत माझ्याकडे पाहत असायचे. मला त्याची मजा यायची, खोटं कशाला सांगू?

शेवटी नवऱ्याने हट्ट धरला म्हणून आम्ही त्यांना कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासणी झाल्यावर बाईंनी कागदावर गोगलगायीचा शंख काढला. कानाच्या आत असा शंख असतो, त्यात केसाळ पेशी रांगेने बसलेल्या असतात. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी बारीक, उंच आवाज टिपतात, पार आतल्या टोकाच्या जाडेभरडे. वर्षानुवर्षं यंत्रांच्या गोंगाटात काढली की आधी तोंडाजवळच्या पेशी मरतात, आणि मेलेल्या पुन्हा येत नाहीत.

"म्हणून तुमचा आवाज आधी गेला," त्या मला म्हणाल्या आणि नवऱ्याकडे बोट केलं, "यांचा अजून थोडा शिल्लक आहे. कोणी बोलतंय एवढं त्यांना कळत असेल, पण शब्द नाही कळायचे."

आईचा आवाज माझ्याहूनही बारीक होता.

मग बाई बाबांकडे वळल्या. "आजोबा, इतकी वर्षं चालवलं कसं?"

बाबा त्यांच्या तोंडाकडे टक लावून होते. "जिनात आवाज कोन काढते, बाई? यंत्र चालू असलं का सारे नुसते ओठ हालवत. समोर बसून बोललं का मले सारं समजते."

हाका मारल्या त्या पाठीमागून, आणि नको नको ते बोलले ते समोर बसून. लहानपणी मी जिनात डबा द्यायला जायची. तिथली माणसं आवाजाशिवाय हसताना, भांडताना, एकमेकांना शिव्या देताना मी रोज पाहिली होती. जिनवाल्याची पोरगी असून मला हे एकदाही सुचलं नाही.

ऑटोत मी त्यांच्याकडे तोंड करून विचारलं, "फोनवरचं समजे तुमाले?"

"समजे."

"सारं?"

त्यांनी मान हलवली.

"मंग उठून काहून नाई गेले?"

"एरवी तू माह्यासमोर बोले कुठं?" ते म्हणाले. "म्हून मी तिथंच बसो."

मी आणखी काही बोलेन म्हणून ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.