दत्तानं उचललेला भंडार

विट्याच्या स्टँडवर आबांनी, माझ्या वडिलांनी, माझ्या खिशात खंडोबाच्या भंडाराची पुडी कोंबली. मेंढरांमागे आयुष्य गेलेला माणूस. अमेरिका कुठं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण तिथं कुणाच्या भरवशावर राहायचं हे पक्कं ठाऊक होतं. "परक्या मुलखात आपल्या मानसाला धरून ऱ्हा," म्हणाले. आपला माणूस म्हणजे दत्ता. साताऱ्याकडच्या ऊसवाल्याचा मुलगा, सांगलीच्या कॉलेजातला माझा जोडीदार. मी निघालो होतो त्याच विद्यापीठात तो वर्षभर आधी गेला होता.

सत्तरच्या दशकात तुमच्यापैकी जे गेलात त्यांना सांगायला नको, आणि मागं राहिलात त्यांना पटणार नाही: तिथं आपण पाहुणेसुद्धा नव्हतो. विद्यापीठातून नाव कमी झालं की स्टुडंट व्हिसा संपला, बॅग भरायची.

माझे गाईड ज्यू होते. त्यांच्या आईचं सगळं माहेर हिटलरच्या छावण्यांत संपलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी ते मला घरी जेवायला बोलवत. मेणबत्त्या लावून झाल्या की त्यांची बायको आधी मला वाढायची. त्यांच्याच विषयात दत्ता नापास झाला. "ही ज्यू जात आपल्याला वर येऊ देत न्हाई," असं तो कुठंही बोलू लागला. "अरं, मला तर पास केलं की त्यांनी," मी म्हणालो. तो नुसता हसला.

एका शनिवारी सकाळी सरांच्या ऑफिसच्या दारावर लाल रंगात लिहिलेलं दिसलं. हिटलरनं काम अर्धवट सोडलं, अशा अर्थाचं. संशय दत्तावर आला. तो माझ्या खोलीवर आला, आबांची पुडी त्यानंच कपाटातून काढली आणि चिमूटभर भंडार तळहातावर घेतला. "खंडोबाची आन, म्या न्हाई रं."

भंडार उचलल्यावर आमच्याकडं पुढं विचारत नाहीत. बांधावरून डोकी फुटायची वेळ आलेले भाऊसुद्धा तिथं गप्प होतात. मी परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत जाऊन त्याच्यासाठी शब्द दिला.

पुढच्याच आठवड्यात रंगाचा डबा त्याच्या गाडीत सापडला. मग चौकशीत, माझ्यादेखत, माझ्याकडं न बघता, तो चांगल्या इंग्रजीत म्हणाला की कल्पना माझी होती आणि रंग मीच फासला, तो फक्त बरोबर होता. शुक्रवारची ती रात्र मी सरांच्याच घरी काढली होती, बोलता बोलता शेवटची बस चुकली म्हणून. तेवढ्यानं वाचलो. दत्ताचं नाव कमी झालं, व्हिसा गेला. सर मला एवढंच म्हणाले, "दार माझं होतं. त्याच्यासाठी शब्द देण्याआधी मला भेटायला यायचंस." पुढं मला शुक्रवारचं बोलावणं आलं नाही. त्यांचा राग आला नाही. दत्ताचा आला, अजून येतो.

काही वर्षांनी सुट्टीला आलो तेव्हा आमच्या गावच्या जत्रेत तो भेटला, चार माणसं मागं घेऊन फिरणारा. मूठभर भंडार घेऊन पुढं आला. "झालं गेलं इसर, गड्या." मी त्याचा हात मधेच धरून थांबवला. आबा रागावले, "आरं, भंडाराला न्हाई म्हनू ने." तेव्हा तिथंच सगळं सांगितलं. आबा त्याच्याकडं वळले.

"भंडार उचलून?" एवढंच त्यांनी विचारलं. दत्तानं भंडाराची मूठ मागं घेतली.

मी अमेरिकेतच राहिलो. घर कुठलं, असं तिकडं कुणी विचारलं की मी विटा सांगतो. पण घर म्हणजे भंडार उचलल्यावर पुढं काही विचारावं लागत नाही ती जागा, असं मी धरून होतो. आता गावी आलो तरी दोनदा विचारतो.