रिकाम्या गाडीचं सेटिंग

१९९९ साली मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका मिस्त्रीवर माझं डोकं कायम तापलेलं असायचं. आमच्या गाड्यांच्या इंजिनाला डिझेल पुरवणारे पंप तोच बघायचा. लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून, डोळे मिटून इंजिन ऐकायचा आणि "काका, मख्खन!" म्हणून मोकळा व्हायचा. धुराचा त्याला विटाळ. जरा काळा धूर दिसला की पंपातून डिझेल कमी करायचा. हात साफ होता, ते मी नाकारत नाही. पण सेटिंग करायचा रिकाम्या गाडीवर. माझी जुनी टर्बो पिकअप अंबरनाथहून लोखंडी माल भरून निघाली की कल्याणच्या पुलाच्या चढावर मरायची. मागे हॉर्न आणि शिव्या. कारखान्याचे साहेब म्हणाले, आणखी एकदा उशीर झाला तर दुसरी गाडी लावू.

मी मिस्त्रीला म्हणालो, "अरे, रिकामी गाडी गाढव पण ओढेल. टर्बो लोडवर इंजिनात जादा हवा ढकलतो, तेव्हा डिझेलही जादा पाहिजे. भरलेली चालवून बघ."

"काका, गाडी चलाना तुमचा काम, पंप माझा," चार गिऱ्हाइकांसमोर तो हसला. "तुम्हाला चढवता येत नाय, तर मी काय पूल खाली करू?" मग त्याने पंपाच्या डिझेल कमी-जास्त करायच्या स्क्रूला तार ओवून शिशाचं सील दाबलं. "हे तोडलं तर माझ्या दारात यायचं नाय."

तीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला हे!

दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेली गाडी मी त्याच्या शटरला आडवी लावली, त्याच्या डोळ्यांदेखत पकडीने सील तोडलं, स्क्रू स्वतः फिरवून डिझेल वाढवलं आणि पूल एका दमात चढलो.