पिशवीची आतली बाजू

आमच्या शिवाजी पेठेतला हा गडी दिसंल त्याला विचारतो, "टाकताय काय?" टाकलेल्या फ्लेक्सच्या पिशव्या आन् स्टुलांच्या बैठका शिवतो. त्याच्या स्टुलावर टेकलं की बुडाखाली कुठल्यातरी पुढाऱ्याचा वाढदिवस असतो.

माझी बायको गेली. तिच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स चौकातनं उतरवला, तर हा हजर.

"टाकताय काय, आण्णा?"

"तिच्या तोंडाला कात्री लावलीस तर तंगडं मोडीन!"

"न्हाय लावत की."

एवढा मोठा फ्लेक्स घरात मावंना, म्हणून दिला. चार दिवसांनी पिशवी घेऊन आला. तोंड अख्खं होतं, पण आतल्या बाजूला.

"आत का रं?"

"भायेर उन्हानं रंग उडतो की."

आता मंडईत पिशवी उघडली की ती वर बघती. हातातलं किडकं वांगं मी गुमान परत ठेवतो.