अकरावी पायरी

सिडकोतल्या लखन अहिरेला नातेवाईक पाण्याआधी रिमोट हातात द्यायचे. टीव्ही असो, मोबाइल असो, कुणाचं काही अडलं की बोलवा लखनला. तो दुरुस्त करायचा आणि पुन्हा कुणी डोकं खाऊ नये म्हणून मोठ्या अक्षरांत एकेक पायरी कागदावर लिहून द्यायचा.

फक्त सटाण्याच्या मीनाक्काच्या कागदावर त्यानं शेवटची पायरी लिहिली नाही. या थोरल्या बहिणीनंच त्याला लहानाचं मोठं केलं होतं, पण दाजींच्या घरात बिनकामाचा फोन करायची पद्धत नव्हती. म्हणून २००२ साली तिथं व्हीसीडी प्लेअर जोडून दिल्यावर त्यानं दहा पायऱ्या लिहिल्या आणि रिमोटवरचं एव्ही बटण दाबायचं तेवढं गाळलं.

तेव्हापासून दर रविवारी फोन यायचा.

"लख्या, चित्र दिसत नही रे."

"एव्ही दाब, आक्का. कितीदा सांगू?" असं वैतागून म्हणत तो तिचे गुडघे, लेकी, कांदे, सगळं विचारून घ्यायचा.

दोन वर्षांनी भाऊबीजेला तो सटाण्याला गेला. टीव्हीमागं चिकटवलेल्या कागदावर दहाव्या पायरीखाली आक्काच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'एव्ही दाबणे.' शाई केव्हाचीच फिकट झाली होती. त्यानं टीव्ही होता तसा मागं सरकवला आणि ओवाळून घ्यायला पाटावर बसला.

पुढच्या रविवारी तो सकाळपासून फोनजवळ बसला. दुपारी फोन वाजला.

"लख्या, चित्र दिसत नही रे."

"थांब, आक्का," लखन म्हणाला, "आज आपण पहिल्या पायरीपासून बघू."