दोर की कॅमेरा

आमच्या बचाव पथकात कामं थोडी आणि किस्से फार! चहाला थांबलो की कुणीतरी जुना किस्सा सांगायला लागतो आणि तो संपायच्या आत नवा घडतो.

मी नववीत शाळा सोडली. लांज्यात पासपोर्ट फोटो काढायचो. पथकाचे प्रमुख आबा मला म्हणाले, "महिनाभर आमच्याबरोबर फिर. पथकाचा एक तरी दमदार फोटो दे. नाहीतर कॅमेरा ठेवायचा आणि दोर धरायचा!"

मला कॅमेराच हवा होता. पण मी नुसती मान डोलावली.

*

पहिलाच कॉल हायवेवरचा. काजूचा ट्रक उलटलेला, चाकं आभाळाकडे. ड्रायव्हरला खरचटलंही नव्हतं. मी कॅमेरा उचलला तर म्हणतो, "थांब दादा, आधी देवाला सरळ करतो!"

रांगत केबिनमध्ये शिरला. फोटोत सगळा ट्रक उलटा, गणपती तेवढा सुलटा!

आबा म्हणाले, "छान. आता देवालाच पथकात घेऊ!"

*

मग एका गोठ्यावर फणसाचं झाड पडलं. पथकाने फांद्या कापून गाई सुखरूप काढल्या. खूश होऊन घरच्या काकींनी प्रत्येकाच्या खांद्यावर एकेक फणस दिला. "जरा खाली ठेवा" एवढंही मला म्हणवेना.

फोटो बघून आबा ओरडले, "अरे, फणसचोर पकडल्यासारखे दिसतोय आम्ही!"

*

खाडीच्या तोंडाशी वाळूत रुतलेली होडी दुसऱ्या होडीने ओढून काढली. रुतलेल्या होडीचा तांडेल मला म्हणाला, "फोटो काढ, पण फुडची होडी दिसता नये!"

मी भीत भीत विचारलं, "आणि हा ताणलेला दोर?"

"नांगराचा हाय म्हणून सांग!"

म्हणजे नांगर टाकलाय, तरी होडी लाटा कापत पळतेय!

*

महिन्याचा शेवटचा दिवस. एका घरामागच्या विहिरीत बिबट्या! वनखात्याच्या माणसांनी पिंजरा खाली सोडला, बिबट्या आत शिरला, दार पडलं. आमच्या पथकाने दोर ओढून पिंजरा वर घेतला आणि जमिनीवर टेकवला. मी समोरच्या बांधावर, कॅमेरा डोळ्याला लावून.

तेवढ्यात बिबट्या गुरकावला. मी बटण दाबलं.

विहिरीपाशी उरली फक्त घरची आजी, कमरेवर हात ठेवून. "अरे, कोंडलेला तो हाय! तुम्ही कशाला पळताव?"

संध्याकाळी आबांनी फोटो मोठा करून पाहिला. पुढे पिंजरा आणि आजी. मागे पाठमोरं पथक. आणि वर आंब्याच्या फांदीवर, हेल्मेटसकट, आबा.

"कोणाला दाखवलास?"

"कोणालाच नाही."

आबांनी कॅमेऱ्याचा पट्टा स्वतः माझ्या गळ्यात घातला.

"पथकाचा फोटोग्राफर तूच. कायमचा!"